कोंबडीच्या प्रतिकारपेशींवरच्या ओळखखुणा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोंबडीच्या रक्तातल्या पेशी ओळखायला बसलेल्या प्रत्येकाला पहिल्या महिन्यात साधारण तेच प्रश्न पडतात. नव्या विद्यार्थ्यांनी मला विचारलेले आणि कधीकाळी मीच इतरांना विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. क्रमाला फार शिस्त नाही. हवं तिथून वाचा.

पेशीवरची ओळखखूण, म्हणजे मार्कर, असते तरी काय?

पेशीच्या बाहेरच्या पटलातून डोकं वर काढलेलं एखादं प्रथिन. ते तिथं आपल्या सोयीसाठी बसलेलं नसतं. कुणी शेजारच्या पेशीला धरायचं काम करतं, कुणी बाहेरचा निरोप आत पोचवतं. आपण फक्त त्याचा फायदा उठवतो: त्या प्रथिनाला नेमकी चिकटणारी अँटिबॉडी घ्यायची, तिला चमकणारा रंग जोडायचा आणि फ्लो सायटोमीटरमध्ये लेझरसमोरून एकेक पेशी जाऊ द्यायची.

यंत्र मात्र ‘ही टी-पेशी’ (थायमस या अवयवात घडणारी प्रतिकारपेशी) असं कधीच सांगत नाही. या कणावर इतका प्रकाश दिसला, एवढंच ते सांगतं. पुढचं सगळं आपलं अनुमान. कोंबडीच्या बाबतीत हे अनुमान उंदरावरून उचलून आणलं की फसगत होते, आणि खालच्या निम्म्याअधिक उत्तरांचं मूळ याच फसगतीत आहे.

काही ठिकाणी सीडी४ लिहितात, काही ठिकाणी सीटी४. दोन्ही एकच का?

सीडी४ हे प्रथिनाचं नाव, सीटी४ हे त्याला चिकटणाऱ्या एका अँटिबॉडीचं. माणसाच्या पांढऱ्या पेशींवरच्या खुणांना क्रमांक देण्याची पद्धत १९८२ साली पॅरिसच्या कार्यशाळेत ठरली. कोंबडीसाठी १९८०च्या दशकात मॅक्स कूपर यांच्या अलाबामा विद्यापीठातल्या बर्मिंगहॅमच्या प्रयोगशाळेत अँटिबॉडींची एक मालिकाच तयार झाली: सीटी३, सीटी४, सीटी८, टीसीआर१, टीसीआर२, टीसीआर३ (टीसीआर म्हणजे टी-पेशीवरचा ग्राहक). यातल्या ‘सीटी’पुढचा आकडा सस्तन प्राण्यांतल्या जोडीदाराशी जुळवून घेतला आहे, म्हणून घोटाळा होतो. लिहिताना प्रथिन आणि क्लोन, म्हणजे नेमकी कोणती अँटिबॉडी, दोन्ही सांगा. ‘सीडी८ तपासलं’ एवढ्याने वाचणाऱ्याला काही कळत नाही. का, ते पुढे येईल.

माणसाची किंवा उंदराची अँटिबॉडी कोंबडीच्या पेशींवर चालेल का?

बहुतेक वेळा नाही. पक्षी आणि सस्तन प्राणी यांचे पूर्वज वेगळे होऊन ३० कोटींहून जास्त वर्षं झाली. प्रतिकारशक्तीची प्रथिनं बाहेरच्या बाजूने झपाट्याने बदलतात, कारण त्यांची गाठ सतत बदलत्या जंतूंशी असते. त्यामुळे जनुक ओळखू येतं, पण अँटिबॉडी जिथे बसते ती जागा जुळत नाही.

एक अपवाद सगळ्यांच्या कामाचा आहे. टी-पेशींची खूण असलेल्या सीडी३मधल्या एप्सिलॉन कडीची पेशीच्या आत राहणारी शेपटी फारशी बदललेली नाही. तिच्याविरुद्ध बनवलेल्या काही अँटिबॉडी माणसापासून कोंबडीपर्यंत चालतात, म्हणूनच पॅराफिनच्या छेदांवर टी-पेशी दाखवायला त्या सर्रास वापरतात. पण शेपटी आत आहे, हे विसरू नका. जिवंत, अखंड पेशींवर तीच अँटिबॉडी ओतली तर काहीच दिसणार नाही, कारण आधी पटलाला भोकं पाडावी लागतात.

विक्रेत्यांच्या याद्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका, हे अनुभवाने सांगतो. ‘कोंबडीला चालते’ असं छापलेली एक बाटली मी हौसेने मागवली. प्लीहा, थायमस, रक्त, तिन्हींवर शून्य. चौकशी केल्यावर कळलं की जनुकक्रमाच्या साम्यावरून तसं ‘अपेक्षित’ होतं. प्रत्यक्ष कुणी तपासलंच नव्हतं.

उंदराचं रक्त तासाभरात होतं, मग कोंबडीचं इतकं का छळतं?

कारण कोंबडीच्या तांबड्या पेशींना केंद्रक असतं, आणि रक्त गोठवणाऱ्या थ्रॉम्बोसाइटनाही असतं. सगळी रडकथा या एका वाक्यात आहे.

तांबड्या पेशींपासून सुरुवात करू. सस्तन प्राण्यांच्या रक्तात अमोनियम क्लोराइड घातलं की तांबड्या पेशी फुटून विरघळतात आणि पांढऱ्या उरतात. हेच कोंबडीच्या रक्ताला केलं तर पेशी फुटतात, केंद्रकं तशीच राहतात, काहींतून डीएनए बाहेर पडतो. पिपेट वर उचलली की टोकाला शेंबडासारखा धागा लोंबतो आणि नळीच्या तळाशी जेलीचा गोळा हलतो. त्यात तुमच्या पांढऱ्या पेशी अडकलेल्या असतात. एकदा हे झालं की ते रक्त टाकून द्यायचं. गाळणीतून काढून वाचवायच्या नादात आणखी एक दुपार जाते.

त्याहून कपटी म्हणजे थ्रॉम्बोसाइट. स्लाइडवर पाहिलं तर लिम्फोसाइटएवढीच (टी- आणि बी-पेशी म्हणजे लिम्फोसाइट) गोल-लांबट पेशी, मधे गच्च गडद केंद्रक, भोवती फिकट पाण्यासारखा पेशीद्रव आणि त्याच्या एका टोकाला एखाददुसरा लालसर ठिपका. सरावलेल्या डोळ्याला तो ठिपका पुरतो. फ्लो सायटोमीटरला तो दिसत नाही. पुढे पडणारा आणि बाजूला विखुरणारा प्रकाश, दोन्ही मोजमापांत थ्रॉम्बोसाइट लिम्फोसाइटच्या ढगात मिसळून बसतात. फिकॉल या दाट द्रवावर रक्त फिरवून पांढऱ्या पेशींचा थर वेगळा केला तरी त्या सोबत येतात.

माझ्या पहिल्या मोठ्या प्रयोगात सीडी४ पेशींचं प्रमाण निम्म्याने कमी आलं होतं. लसीमुळे असं का व्हावं, याची मी तीन आठवडे कारणं शोधत होतो. एका कारणावर तर दीड पान चर्चाही लिहून ठेवली होती. कारण एवढंच होतं की लिम्फोसाइट म्हणून आलेखावर आखलेल्या चौकटीत, म्हणजे गेटमध्ये, थ्रॉम्बोसाइट बसल्या होत्या आणि भागाकारात खालचा आकडा फुगवत होत्या. काही नमुने उशिरा पोचले होते. त्यांत थ्रॉम्बोसाइटच्या गुठळ्या होऊन त्या कमी झाल्या होत्या, म्हणून गटागटांत फरक दिसत होता!

मग यावर उपाय काय?

दोन रस्ते आहेत. जुना रस्ता म्हणजे हलक्या वेगाने सेंट्रिफ्यूज करून तांबड्या पेशी खाली बसवायच्या आणि वरचा धुरकट थर अलगद फिरवून घ्यायचा. हात बसला की छान जमतं, पण किती पेशी हरवल्या याचा हिशेब राहत नाही.

दुसरा रस्ता मला जास्त आवडतो. रक्त फोडायचं नाही, धुवायचं नाही. थोडंसं रक्त बफरमध्ये पातळ करायचं आणि पांढऱ्या पेशींची खूण असलेल्या सीडी४५च्या अँटिबॉडीसोबत बाकीच्या अँटिबॉडी थेट त्यात घालायच्या. तांबड्या पेशींवर सीडी४५ नसतं, त्यामुळे त्या आपोआप बाजूला पडतात. थ्रॉम्बोसाइटवर ते असतं, पण लिम्फोसाइटपेक्षा कमी. शिवाय के१ नावाची अँटिबॉडी त्यांना धरते. सीडी४५ एका अक्षावर आणि के१ दुसऱ्यावर ठेवलं की एरवी एकमेकांत मिसळलेले ढग सुटे होतात. मोजणीसाठी ठरावीक संख्येचे मणी मिसळले तर दर मायक्रोलिटरमागे खरा आकडाही मिळतो. के१ मॅक्रोफेजच्या वंशातल्या पेशींनाही लागते, एवढं ध्यानात ठेवा.

बी-पेशींसाठी कोणती खूण वापरायची?

बीयू-१. बोलताना सगळे ‘बू-वन’ म्हणतात. हे नाव बर्सा या अवयवावरून आलं, आणि खरं तर ‘बी-पेशी’ या नावातला ‘बी’सुद्धा तिथूनच आलेला आहे.

बर्सा म्हणजे कोंबडीच्या गुदमार्गाच्या वरच्या अंगाला असलेली छोटी पिशवी. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या फॅब्रिशियस या इटालियन शरीरशास्त्रज्ञाचं नाव तिला मिळालं, पण तिचं काम काय हे पुढे तीनेकशे वर्षं कुणाला कळलं नाही. १९५०च्या दशकात ओहायोत ब्रूस ग्लिक हा विद्यार्थी पिल्लांची बर्सा काढून काय होतं ते पाहत होता. त्याला ठळक असं काहीच दिसेना. त्याचा सहकारी टिमोथी चँग याला वर्गात अँटिबॉडी कशी तयार होते ते दाखवायचं होतं. त्याने ग्लिककडच्या कोंबड्या घेतल्या, त्यांना साल्मोनेलाची मात्रा टोचली, आणि प्रात्यक्षिक फसलं. अँटिबॉडी तयार न झालेल्या कोंबड्या नेमक्या बर्सा काढलेल्या निघाल्या. लेख एका नामांकित नियतकालिकाने परत पाठवला आणि १९५६ साली तो ‘पोल्ट्री सायन्स’मध्ये आला. १९६५ साली कूपर आणि सहकाऱ्यांनी कोंबडीतच थायमस आणि बर्सा यांची दोन वेगळी खाती आहेत हे दाखवलं. माणसाच्या बी-पेशी अस्थिमज्जेत तयार होतात. नाव मात्र कोंबडीच्या पिशवीचं राहिलं.

आता व्यवहाराचं. बीयू-१ सगळ्या वंशांच्या कोंबड्यांत अगदी एकसारखं नसतं. ए आणि बी अशी त्याची पर्यायी रूपं आहेत. एल२२ हा क्लोन ए रूप ओळखतो, आणि एव्ही२० दोन्ही ओळखतो. वंश बदलल्यावर ‘बी-पेशी गायब झाल्या’ असं वाटलं तर रोगाआधी क्लोन तपासा. आणखी दोन गोष्टी: अँटिबॉडी ओतणाऱ्या प्लाझ्मा पेशींवर बीयू-१ उरत नाही, आणि काही मॅक्रोफेजवर ते सापडतं. म्हणून शक्य तिथे आयजीएमची (बी-पेशींवर असणाऱ्या अँटिबॉडी-प्रकाराची) जोड द्या. आयजीडीच्या शोधात मात्र जाऊ नका. कोंबडीत ते नाही, आयजीईही नाही.

टीसीआर१, २, ३ यांतला फरक काय?

टीसीआर१ गॅमा-डेल्टा ग्राहक असलेल्या टी-पेशी ओळखतो. टीसीआर२ आणि टीसीआर३ अल्फा-बीटा पेशी ओळखतात. टीसीआर२ व्ही-बीटा १ कुळातल्या, टीसीआर३ व्ही-बीटा २ कुळातल्या (व्ही-बीटा म्हणजे ग्राहकाच्या बीटा कडीचा बदलता भाग). कोंबडीत व्ही-बीटाची ही दोनच कुळं असल्यामुळे तीन अँटिबॉडींत सगळ्या टी-पेशींचा हिशेब लागतो. उंदरावर काम करणाऱ्यांना हे सांगितलं की त्यांना हेवा वाटतो. तिन्हींची बेरीज सीटी३च्या आकड्याशी जुळते का, ही माझी आवडती तपासणी आहे. जुळली नाही तर कुठेतरी गेट चुकलं आहे.

अंड्यातल्या गर्भाच्या थायमसमध्ये त्या याच क्रमाने उगवतात: टीसीआर१ बाराव्या दिवसाच्या आसपास, टीसीआर२ पंधराव्याच्या, आणि टीसीआर३ अठराव्याच्या सुमाराला. थायमस एका जागी नसतो, मानेच्या दोन्ही बाजूंना मण्यांच्या माळेसारखे त्याचे खंड ओवलेले असतात. शवविच्छेदनात नवखे लोक निम्मे खंड मानेतच विसरतात.

व्ही-बीटा १ आणि २ ही नुसती नावं नाहीत. व्ही-बीटा १च्या पेशी घटवल्या की आयजीए तयार होणं कोसळतं, हे १९९१ साली दाखवलं गेलं. आतड्याच्या प्रतिकारशक्तीवर काम करणाऱ्याने ‘अल्फा-बीटा’ म्हणून दोन्ही एका ओळीत बेरजेला घेऊ नयेत.

माझ्या नमुन्यात गॅमा-डेल्टा पेशी ३० टक्के आल्या. चुकलं का काही?

नाही, कोंबडीच आहे ती. माणसाच्या रक्तातल्या टी-पेशींत गॅमा-डेल्टा जेमतेम पाचेक टक्के असतात. कोंबडीत २० ते ५० टक्के सहज असतात, आणि वयानुसार बदलतात. म्हणून सीडी३पैकी सीडी४ आणि सीडी८ वजा करून जे उरलं ते ‘कचरा’ समजू नका. रक्तातल्या गॅमा-डेल्टांपैकी बऱ्याच जणींवर या दोन्ही खुणा नसतात. प्लीहेत मात्र त्यांतल्या पुष्कळांवर सीडी८ असतं. म्हणजे प्लीहेत नुसतं सीडी८ मोजून ‘मारेकरी टी-पेशी वाढल्या’ म्हणणं धाडसाचं आहे.

सीडी८वर एवढं अडून का बसता?

सीडी८ दोन कड्यांची जोडी असते. अल्फा-बीटा जोडी बहुतेक नेहमीच्या मारेकरी टी-पेशींवर. अल्फा-अल्फा जोडी गॅमा-डेल्टांवर, आतड्याच्या अस्तरातल्या पेशींवर, काही एनके (नॅचरल किलर, म्हणजे नैसर्गिक मारेकरी) पेशींवर. सीटी८ आणि ३-२९८ हे क्लोन अल्फा ओळखतात, म्हणजे ही सगळी गर्दी एकत्र धरतात. बीटासाठी ईपी४२ वापरतात. मारेकरी पेशींबद्दल बोलायचं असेल तर बीटा लावा, किंवा अल्फासोबत टीसीआर१ लावून गॅमा-डेल्टा बाहेर काढा.

सीडी४ आणि सीडी८ दोन्ही असलेल्या पेशी थायमसबाहेर दिसल्या तरी लगेच घाबरायचं कारण नाही. काही वंशांत त्या रक्तात आणि प्लीहेत नेहमीच्या असतात. आधी मात्र एका रंगाचा प्रकाश दुसऱ्याच्या मोजमापात गळतो का, आणि त्याची वजाबाकी (भरपाई) नीट झाली का, ते तपासा. दहापैकी सात वेळा मी पाहिलेल्या ‘नव्या उपसंचा’चं मूळ भरपाईच्या चुकीत होतं.

मॅक्रोफेजसाठी (जंतू गिळणाऱ्या पेशींसाठी) केयूएल०१ ही अँटिबॉडी पुरेशी आहे का?

रक्तातल्या मोनोसाइटसाठी, म्हणजे मॅक्रोफेजच्या पूर्वज पेशींसाठी, बरीचशी. ऊतीत नाही. १९९८ साली ती प्रसिद्ध झाल्यावर कित्येक वर्षं सगळ्यांनी वापरली, पण ती चिकटते कशाला हे २०१४ साली कळलं: मॅनोज ग्राहकासारख्या एका प्रथिनाला. सस्तन प्राण्यांत जिथे एक जनुक आहे तिथे कोंबडीत अशा पाच जनुकांचं कुटुंब आहे, आणि केयूएल०१ त्यांतल्या एकाच सदस्याला ओळखते. त्यामुळे ज्या मॅक्रोफेजवर तो सदस्य नाही ते सुटतात, आणि काही डेंड्रायटिक पेशी जाळ्यात येतात. सीएसएफ१ ग्राहकाची अँटिबॉडी सोबत लावली तर चित्र बरंच पूर्ण होतं.

हेटेरोफिल?

न्यूट्रोफिलच्या जागी कोंबडीत या असतात. त्यांच्यासाठी मनासारखी खूण नाही. सीडी४५ आणि बाजूला विखुरणारा जास्तीचा प्रकाश यांवर काम भागवावं लागतं. शंका आली की स्लाइड रंगवून विटकरी-लाल कांड्यांसारखे कण पाहावेत. मायलोपेरॉक्सिडेजची चाचणी करू नका. हेटेरोफिलमध्ये ते नसतंच.

एनके पेशी कुठे शोधायच्या?

रक्तात फार कमी मिळतात. चौदा दिवसांच्या गर्भाची प्लीहा चांगली, कारण तोवर तिथे टी-पेशी पोचलेल्या नसतात. नंतरच्या वयात आतड्याचं अस्तर. सीडी३ नसणं ही पहिली अट आहे, आणि तिथे सीडी३ची चमक मंद असेल तर सगळा हिशेब कोसळतो.

एमएचसी तपासताना तांबड्या पेशी का चमकतात?

कारण त्यांच्यावर वर्ग १चं एमएचसी (जंतूंचे तुकडे टी-पेशींना दाखवणारं प्रथिन) असतं. माणसाच्या तांबड्या पेशींवरून तुलना करणाऱ्याला हे खटकतं. कोंबडीचा एमएचसी सापडला तोच मुळी रक्तगट म्हणून. त्याला अजूनही बी-संकुल म्हणतात. १९९९ साली त्याचा क्रम वाचला गेला तेव्हा ९२ हजार अक्षरांत १९ जनुकं एवढा आटोपशीर तुकडा निघाला, माणसाच्या मानाने चिमुकला. मरेक रोगाला (विषाणूमुळे होणाऱ्या, टी-पेशींच्या गाठींच्या रोगाला) दाद न देणाऱ्या बी२१ वंशात वर्ग १ची पृष्ठभागावरची पातळी कमी असते, आणि बळी पडणाऱ्या बी१९मध्ये जास्त. म्हणजे दोन वंशांची चमक वेगळी आली तर ती उत्तेजना असेलच असं नाही, वंशाचीही असू शकते.

वर्ग २ बी-पेशींवर आणि मॅक्रोफेजवर असतं. टी-पेशी जाग्या झाल्या की त्यांच्यावरही येतं. जाग्या टी-पेशी मोजायला आम्ही सीडी२५सोबत तेच वापरतो.

रोगनिदानात या खुणांचा काही उपयोग आहे का?

खुराड्यात बसून नाही. शेडमधल्या निदानाला पीसीआर आणि शवविच्छेदन स्वस्त पडतं. रोग समजून घ्यायला मात्र फार. गंबोरो या कोंबड्यांच्या रोगाचा विषाणू बर्सामधल्या आयजीएम असलेल्या, वाढत्या बी-पेशी गाठतो. बाधित बर्साची पेशीद्रावणं पाहिली की बीयू-१चा एरवी जवळजवळ सगळा प्लॉट व्यापणारा ढग विरळ होतो आणि त्या जागी टी-पेशी येतात. त्या आधी तिथे नगण्य असतात, म्हणून बदल नजरेत भरतो. मरेकच्या गाठींतल्या पेशी बहुतेक सीडी४ असलेल्या अल्फा-बीटा टी-पेशी असतात, आणि त्यांच्यावर सीडी३० ठळक असतं.

चार खुणा एकत्र लावताना सगळंच चमकतं. का?

तुम्ही दुय्यम अँटिबॉडी, म्हणजे पहिल्या बिनरंगी अँटिबॉडीला धरणारी रंगीत अँटिबॉडी, वापरता आहात. वर सांगितलेले बहुतेक क्लोन उंदराच्या आयजीजी१ प्रकारचे आहेत, त्यामुळे उंदराविरुद्धची दुय्यम अँटिबॉडी सगळ्यांनाच धरते. रंग थेट जोडलेले क्लोन घ्या. नाइलाज असेल तर आधी बिनरंगी क्लोन, मग दुय्यम, मग उंदराच्या साध्या सीरमने उरलेल्या जागा बंद करायच्या, आणि शेवटी रंगीत क्लोन. क्रम उलटला की दिवस वाया.

खूण खरंच लागते आहे, हे कसं ठरवायचं?

सगळ्यात सोपे नियंत्रण नमुने कोंबडीच्याच अंगात आहेत. कोवळ्या पक्ष्याची बर्सा जवळजवळ सगळी बी-पेशींची. तिच्यावर टी-पेशीची खूण ढिगाने लागली तर अँटिबॉडी किंवा गेट चुकलं. थायमसमध्ये सीडी४ आणि सीडी८ दोन्ही असलेल्यांचा मोठा गट दिसलाच पाहिजे. नवी बाटली आली की रक्ताआधी या दोन अवयवांवर लावा. २०१३ साली इम्युनोग्लोब्युलिनचं जनुक निकामी केलेल्या, प्रौढ बी-पेशी नसलेल्या कोंबड्या तयार झाल्या. तशा पक्ष्याचं रक्त मिळालं तर त्याहून चोख नकारात्मक नमुना नाही.

एक गट कोणत्याच खुणेला लागत नाही. त्याचं काय करू?

नाव देऊ नका. आधी मेलेल्या पेशींचा रंग लावून मेलेल्या वगळा, मग के१ लावून थ्रॉम्बोसाइट. तरी उरला तर त्याच नळीतला एक थेंब काचपट्टीवर पसरा, वाळवा, रंगवा आणि तेलाच्या भिंगाखाली पाहा. मागच्या वेळी आमच्याकडच्या अशा ‘अज्ञात’ गटात निघाली ती फुटलेल्या तांबड्या पेशींची उघडी केंद्रकं, रांगेने.